वक्ता शेवटी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात नव्याने रुजू झालेल्या ग्रंथपालांना प्राचार्यांनी वर्षाला चार कार्यक्रम करायला सांगितलेत, ग्रंथालयातर्फे आणि लोकांसाठी खुले. दोन झाले. पहिल्याला वर्गांतून मुलं आणून बसवली. सभागृह भरलं, पण मुलं मोबाईलमध्ये. दुसरा संध्याकाळी, बाहेरच्यांसाठी. अकरा माणसं आली, त्यातली सहा स्टाफची. परिसंवाद होता. चार वक्ते, प्रत्येकाने वीस-पंचवीस मिनिटं घेतली, प्रश्नांना वेळच उरला नाही. आता ते विचारतात की मुंबई-पुण्याहून एखादं मोठं नाव आणावं का, लोक कसे जमवावेत, आणि परिसंवाद हातातून सुटतो तो कसा आवरावा.

मी 31 वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयांत काढली, आधी सत्तरी तालुक्याच्या बाजूला, नंतर फोंड्याजवळ. तुमच्या हातून झालं ते सगळं माझ्याही हातून झालंय, त्यामुळे सल्ला देताना मला फारसा अधिकार गाजवता येणार नाही. पण एक गोष्ट खटकली ती सांगते. तुमच्या पत्रात वक्त्यांबद्दल नऊ ओळी आहेत, विषयाबद्दल एक. तुम्ही आधी माणूस ठरवता, मग त्याला साजेसा विषय, मग त्या विषयाला श्रोते शोधायला निघता. हा क्रम उलटा केलात तर अर्ध्या अडचणी आपोआप जातील. उरलेल्या अर्ध्या बसच्या वेळापत्रकाच्या आणि पंख्यांच्या आवाजाच्या आहेत, त्यांच्याकडेही येते.

मोठ्या नावाचं आधी निपटवू. एका वर्षी आम्ही मुंबईहून एक नावाजलेले लेखक आणले. विमानाचं तिकीट, दोन रात्रींचं हॉटेल, गाडी. वर्षाचं सगळं बजेट एका दिवसात संपलं. पाहुणे पाऊण तास उशिरा आले, चाळीस मिनिटं स्वतःच्या पुरस्कारांबद्दल बोलले आणि समुद्र बघायला गेले. माणूस वाईट नव्हता. त्यांना आमच्याकडे कशासाठी बोलावलंय हे आम्हीच सांगितलं नव्हतं, कारण ते आम्हालाच ठाऊक नव्हतं.

मोठ्या नावांना गोव्यात माणसं येतात, हे खरंच आहे. 2008 साली सुरू झालेल्या डी. डी. कोसंबी विचार महोत्सवाला कला अकादमीत जागा मिळवण्यासाठी लोक लवकर येऊन बसायचे, मीही त्यातली एक. पण त्यामागे सरकारचं कला आणि संस्कृती खातं आहे, पणजीचं ठिकाण आहे, आणि वर्तमानपत्रं आठवडाभर आधीपासून बातम्या देतात. तालुक्याच्या कॉलेजने त्याची छोटी नक्कल करायला जाऊ नये, ती नेहमी केविलवाणी होते. आपल्याकडे दुसरी एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे नाही: देवघेवीचं काउंटर.

काउंटरवर माणूस काय विचारतो ते लिहून ठेवायला मी एक वही ठेवली होती. दोनशे पानी, साधी. मुलांचे अभ्यासाचे प्रश्न त्यात नसत. 'हे पुस्तक आहे का' असं विचारून ते नसल्यावर निमूट परत गेलेली माणसं त्यात असत. कूळ-मुंडकार कायदा, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचा आणि दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा, मराठीत आहे का. आजोबांची पोर्तुगीज काळातली कागदपत्रं कोण वाचून देईल. सिकलसेल म्हणजे काय. काजूच्या झाडाला खोडकिडा लागलाय. तीन-चार महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून चौथ्यांदा आला की तो आमचा विषय. मग त्याचं उत्तर कोणाकडे असेल ते शोधायचं. बहुतेक वेळा ते उत्तर कॉलेजपासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आतच असतं.

खाजनाचा कार्यक्रम असाच निघाला. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने विचारलं, आमच्या शेतात दोन वर्षं खारं पाणी शिरतंय, याच्यावर काही पुस्तक आहे का? आमच्याकडे इंग्रजीतला एक जुना अहवाल होता, बाकी काही नाही. पुढच्या पंधरा दिवसांत त्याच्याच गावच्या आणखी दोघांनी विचारलं. बाहेरून आलेल्या वाचकांसाठी सांगते: खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीहून खाली असलेली जमीन. मातीचे बांध घालून खारं पाणी अडवायचं, पावसाळ्यात आत कोरगुटासारखं खारं सोसणारं भात करायचं, आणि साठलेलं पाणी ओहोटीच्या वेळी बांधातल्या मानशीतून, म्हणजे दारातून, बाहेर सोडायचं. हे दार बिघडलं, बांधाला कुर्ल्यांनी भोकं पाडली किंवा मासेमारीसाठी कोणी भरतीच्या वेळी दार उघडं ठेवलं, की शेत गेलं.

पहिल्या वर्षी आम्ही त्यावर परिसंवाद घेतला तो हुबेहूब तुमच्यासारखा. प्राध्यापक, निवृत्त इंजिनीयर, पर्यावरणवाले एक कार्यकर्ते, आणि शेवटी, म्हणजे मानाने शेवटी, झुआरी नदीच्या काठच्या गावातले एक शेतकरी आजोबा. प्राध्यापकांनी स्लाइड दाखवल्या, त्या बत्तीस निघाल्या. इंजिनीयर सिमेंटच्या दारांबद्दल बोलले. आजोबांची पाळी आली तेव्हा सव्वासहा झाले होते, आणि साडेसहाची बस सुटली की मागच्या चार रांगांना घरी जायला काही नव्हतं. त्यांना चार मिनिटं मिळाली. ते "नमस्कार, सगळ्यांनी बरें सांगलां" म्हणाले आणि बसले. मला त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या वर्षी तोच विषय परत घेतला. तीनच माणसं, आणि आजोबा पहिले. त्यांना मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की मानस चालते कशी ते दाखवा, भाषण नको. ते उठले, टेबलावरचा जाडा शब्दकोश उभा केला, त्याचा पुठ्ठा अर्धवट उघडला आणि म्हणाले, हें दार. मग तळहात बाहेरून आणत पुठ्ठ्यावर टेकवला. पुठ्ठा मिटला. "भरती. उदकच दार धांपता." मग आतल्या बाजूने एका बोटाने पुठ्ठा ढकलून उघडला. "सुकती." म्हणजे ओहोटी. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. त्यानंतर इंजिनीयर बोलले ते त्या शब्दकोशाकडे बोट दाखवत बोलले, आणि सिमेंटचं दार बसवल्यावर ते कुठे अडतं हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं. आदल्या वर्षीचेच इंजिनीयर. त्या दिवशी आम्ही पावणेसातला जबरदस्तीने दिवे घालवले तेव्हा लोक बाहेर पायऱ्यांवर उभे राहून बोलत होते.

यातून मी पुढे पाळलेली रीत सांगते. परिसंवादाला तिघांपेक्षा जास्त माणसं नकोत. चौथा नेहमी कोणाला तरी वाईट वाटू नये म्हणून आलेला असतो. ज्याच्या अंगावर विषय बेतलाय तो आधी बोलतो, ज्याने अभ्यास केलाय तो नंतर. कारण साधं आहे, अभ्यासकाला आधीच्या माणसाचं बोलणं धरून पुढे जाता येतं, शेतकऱ्याला प्रबंध धरून पुढे जाता येत नाही. प्रत्येकाला आठ मिनिटं. आठ म्हटलं की अकरा होतात, पंधरा म्हटलं की पंचवीस. सातव्या मिनिटाला मी काउंटरवरची पितळी घंटी एकदा वाजवायची, नवव्याला दोनदा. घंटीची कल्पना आधी फोनवर द्यायची, नाहीतर ज्येष्ठ मंडळी रुसतात. एकदा तसं झालंही आहे.

हा फोन फार महत्त्वाचा. प्रत्येक वक्त्याशी कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी पंधरा मिनिटं स्वतः बोला, हे काम विद्यार्थी प्रतिनिधीवर टाकू नका. त्यात मी एकच प्रश्न विचारायचे: बाकीच्या दोघांचं तुम्हाला काय पटत नाही? तिघांनाही सगळंच पटत असेल तर परिसंवाद करू नका, एकाचं व्याख्यान ठेवा आणि चहा लवकर द्या. मतभेद कुठे आहे ते सूत्रसंचालकाला आधी कळलेलं असलं म्हणजे तो थेट तिथे बोट ठेवू शकतो. सूत्रसंचालन शक्यतो तुम्ही करा. आपल्याकडे ते कविता म्हणणाऱ्या प्राध्यापकांकडे देण्याची चाल आहे. प्रत्येक वक्त्याआधी चार ओळी आणि नंतर दोन, असं करत वीस मिनिटं जातात.

श्रोत्यांच्या प्रश्नांबाबत माझा अनुभव जरा कडू आहे. "प्रश्न विचारा" म्हटलं की पहिला हात वर होतो तो प्रश्न नसलेल्या माणसाचा. त्यावर दोन उपाय. माईक स्वयंसेवकाच्या हातातून सोडायचा नाही, विचारणाऱ्याच्या तोंडापुढे धरायचा. ज्याच्या हातात माईक गेला त्याच्या हातातून तो परत घेणं सभ्य माणसाला जमत नाही. आणि दारात येताना प्रत्येकाला कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल द्यायची, प्रश्न लिहून टोपलीत टाका म्हणून. टोपली बायकांच्या आणि पहिल्या वर्षाच्या मुलांच्या रांगांतून आधी फिरवायची. आमच्याकडचे सगळ्यात चांगले प्रश्न चिठ्ठीतून आले, त्यातले बरेच शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

भाषेचं तुम्ही विचारलं नाही, पण ते येणारच. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीही चालते. त्यावरचा वाद तुमच्या सभागृहात सोडवायला घेऊ नका. मी वक्त्याला त्याच्या भाषेत बोलू देते, श्रोत्याला त्याच्या भाषेत विचारू देते, आणि इंग्रजीत काही महत्त्वाचं आलं तर मध्ये दोन वाक्यांत मराठी किंवा कोंकणीत सांगते. पोस्टर मात्र गाव बघून करा. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणेकडे मराठी पोस्टर वाचलं जातं. सासष्टीत रोमी लिपीतली कोंकणी नसेल तर निम्मं गाव तुम्ही वगळलंत असं समजा.

आता वेळ. हे तुमच्या जागेवर फार अवलंबून आहे. मडगाव-पणजीत साडेपाचचा कार्यक्रम चालतो, कारण माणसं ऑफिसातून परस्पर येतात. तालुक्याला नाही. दुपारी एक ते चार गोव्यात कोणाला बोलावू नका, दुकानंसुद्धा बंद असतात. कॉलेज दीडच्या सुमारास सुटलं की मुलं परत येत नाहीत. माझा निर्वाळा शनिवारी सकाळी साडेदहा किंवा इतर दिवशी चार ते साडेपाच. आणि ठरवण्याआधी बसस्टँडवर जाऊन शेवटच्या बसची वेळ स्वतः विचारा. कदंबाची, म्हणजे सरकारी, आणि प्रायव्हेट, दोन्ही. पोस्टरवर मी 'कार्यक्रम बरोबर 5.25 ला संपेल' असं छापायचे. लोक थट्टा करायचे, पण यायचे.

महिन्यांचंही तेच. नोव्हेंबर-डिसेंबर सोडून द्या. इफ्फी हा चित्रपट महोत्सव, जुन्या गोव्याचं फेस्त, जत्रा, लग्नं, त्यात सेमिस्टरची परीक्षा. गणेश चवथीच्या आधीचे पंधरा दिवस कोणी फोनही उचलत नाही. सगळ्यांना आश्चर्य वाटतं, पण मला सगळ्यात चांगले श्रोते जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मिळाले, भर पावसात. भाताची लावणी आटोपलेली असते, लग्नं नसतात, पर्यटकांचा धंदा थंड असतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस 12 ऑगस्ट, ग्रंथपाल दिन, तो त्यातच येतो, म्हणजे प्राचार्यांना निमित्तही मिळतं. फक्त पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाचा आवाज वक्त्याला गिळतो. आदल्या दिवशी पंखे पूर्ण वेगात लावून शेवटच्या रांगेत बसून बघा. इन्व्हर्टरवर माईक चालतो का तेही बघा. आमचा चालत नव्हता हे आम्हाला कार्यक्रमातच कळलं.

जागा म्हणाल तर एव्ही हॉल सोडा आणि वाचनकक्षात करा. टेबलं भिंतीला लावा, चाळीस खुर्च्या मांडा, आणखी वीस मागे एकावर एक रचून ठेवा. माणसं वाढली की खुर्च्या काढायच्या. दोनशेच्या सभागृहात चाळीस माणसं म्हणजे मयताला आल्यासारखं वाटतं, वाचनकक्षात तीच चाळीस गर्दी होते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांना मात्र आठवडाभर आधी सूचना लावा आणि त्यांच्यासाठी एक वर्ग उघडून ठेवा. आपण त्यांची जागा घेतोय, ते रागावले तर बरोबरच आहे. बाहेरच्यांना गेटवर वॉचमन अडवतो, हे तुमच्या अकरा माणसांचं एक कारण असू शकतं. त्याला लेखी यादी नको, "आज सगळ्यांना सोड" एवढं प्राचार्यांच्या तोंडून हवं.

जाहिरातीवर मी पैसे घालवले नाहीत. वहीत ज्यांचे प्रश्न होते त्यांना फोन केले. खाजनाच्या वेळी गावच्या कुळांच्या संघाला पत्र दिलं, पंचायतीच्या फलकावर एक कागद, देवळाच्या फलकावर एक, आणि पाद्रींना विनंती केली तर त्यांनी रविवारच्या मिसानंतर सांगितलं. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या रंगीत पोस्टरमुळे कोणी आल्याचं मला तरी आठवत नाही.

कटकटीचा विषय निघाला तर? निघू द्या. डिचोलीकडच्या कॉलेजात खाणींवर बोलायचंच नाही असं ठरवलं तर मग बोलायचं कशावर? 2012 ला खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. त्या भागात प्रत्येक घरात कोणीतरी ट्रकवर होतं किंवा कोणाची तरी विहीर आटली होती, पुष्कळदा दोन्ही एकाच घरात. अशा विषयाला मी चार गोष्टी केल्या. प्राचार्यांना विषय आणि नावं लेखी कळवली. निवडणुकीत उभा राहू शकेल असा माणूस स्टेजवर घेतला नाही आणि आचारसंहितेच्या काळात कार्यक्रमच ठेवला नाही. ट्रकवाला आणि विहीरवाला दोघांनाही बोलावलं. आणि सुरुवातीलाच सांगितलं की इथे ठराव होणार नाही. तरी एक गृहस्थ उठून ओरडले. त्यांना पाणी दिलं, बोलू दिलं, घंटी वाजवली. ते बसले. प्राचार्य पुढच्या वेळी जास्तच घाबरले, हे खरं. तुमचे कसे आहेत ते तुम्हालाच माहीत.

ग्रंथालय म्हणून आपला भाग कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर असतो. दारापाशी एक टेबल, त्यावर विषयाची पुस्तकं, अहवाल, कात्रणं. आपल्याकडे नसेल ते पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बघा. 1832 पासूनचं ग्रंथालय आहे, गोव्यावरचं आणि जुनी वर्तमानपत्रं तिथे मिळतात. निदान झेरॉक्स आणून मांडता येतात. एका पानाची पुस्तकांची यादी छापून खुर्चीवर ठेवा. कार्यक्रम संपल्यावर काउंटर अर्धा तास उघडं ठेवा आणि बाहेरच्यांना पुस्तक न्यायची सोय करा, अनामत घेऊन का होईना. नुसती हजेरी मोजण्यापेक्षा त्या अर्ध्या तासात किती पुस्तकं गेली ते मी मोजायचे. खाजनाच्या दुसऱ्या कार्यक्रमाला नऊ गेली, मुंबईच्या लेखकांच्या वेळी एकही नाही.

नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, लागणारे जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो, हजेरीपट, अहवाल हे सगळं करायलाच लागतं, कुरकुर न करता एका शिपायाला आणि एका मुलाला ते नेमून द्या. फोटोसाठी दीपप्रज्वलन दोनदा करायला लावू नका एवढंच. व्हिडिओ करणार असाल तर वक्त्याची सही आधी घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे जाहीर भाषणाचा हक्क बोलणाऱ्याचा असतो, कार्यक्रम ठेवणाऱ्या संस्थेचा नव्हे. आजोबांसारख्यांना सहीआधी नीट समजावून सांगा की हे यूट्यूबवर कोणीही बघेल. त्यांनी "फोटो बरो, व्हिडिओ नाका" म्हटलं, आणि आम्ही कॅमेरा बंद केला. शब्दकोशाचं ते प्रात्यक्षिक कुठेही रेकॉर्ड झालेलं नाही.

पैशांचं राहिलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मोमेंटो यांचा खर्च एका वक्त्यामागे हजाराच्या घरात जातो. मी तो बंद करून त्या पैशांत वक्त्याने बोलताना नाव घेतलेली पुस्तकं ग्रंथालयासाठी घेतली आणि आत चिकटवलेल्या कागदावर त्याचं नाव घातलं. एक-दोघे खट्टू झाले, बाकीच्यांना आवडलं. मानधन मात्र बुडवू नका, आणि शेतकऱ्याला प्राध्यापकापेक्षा कमी देऊ नका. प्राध्यापकाची त्या दिवशी रजा पडत नाही, शेतकऱ्याची मजुरी बुडते. त्याच दिवशी पाकिटातून द्या, "बिल पास झालं की कळवतो" नको. व्हाउचर आधी लिहून ठेवा, पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प खिशात ठेवा. शनिवारी संध्याकाळी तो तालुक्याला कुठेही मिळत नाही.